उत्तरदायित्व, सार्वजनिक खर्चाचे (ग्रामीण विदर्भ : आरोग्य व घरकुल)

आरोग्य आणि घरकुल यांवर सरकारने केलेल्या खर्चाचा हिशेब, ज्यांच्यासाठी तो खर्च झाला त्यांना मिळणे आणि हिशेब जुळला नाही तर त्याचे उत्तर देण्यास कुणीतरी बांधील असणे, याला सार्वजनिक खर्चाचे उत्तरदायित्व म्हणतात. विदर्भातल्या खेड्यांत हा शब्द कुणी वापरत नाही. तिथे विचारतात, ‘हप्ता पडला का?’, ‘यादीत नाव लागलं का?’, ‘दवाखान्यात डॉक्टर मुक्कामी राहते का?’ या तीन प्रश्नांची उत्तरे कुणी, कुठे आणि कोणत्या कायद्याने द्यायची, हा या नोंदीचा विषय आहे.

अनुशेष आणि त्यापलीकडे

विदर्भात सरकारी पैशाचा हिशेब मागण्याची भाषा दीर्घकाळ ‘अनुशेष’, म्हणजे इतर विभागांच्या मानाने मागे राहिलेल्या विकासाची तूट, या एका शब्दाभोवती फिरली. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याच्या विभागांतील विकासाची तफावत मोजली. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेषाची मागणी रास्तच होती. पण मुंबईहून विदर्भाला किती आले, हे विचारताना जिल्ह्याला आलेला रुपया धारणीच्या उपकेंद्रात किंवा एटापल्लीच्या टोल्यावर (छोट्या वस्तीवर) किती पोचला, हे विचारायचे बऱ्याच वेळा राहून गेले. नागपूर आणि गडचिरोली एकाच विभागात मोडतात, पण त्यांचा अनुशेष एक नाही.

वरची वाट

खर्चाचा हिशेब दोन वाटांनी जातो. वरची वाट कागदाची आहे. राज्याच्या खर्चाची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात, त्यांचा अहवाल अनुच्छेद १५१ नुसार विधिमंडळासमोर येतो आणि लोकलेखा समिती त्यावर खात्याच्या सचिवांची साक्ष घेते. महालेखाकारांचे एक कार्यालय नागपुरातही आहे. जिल्हा परिषदेचे लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो आणि विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येऊन प्रलंबित आक्षेपांवर अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते. जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या त्या १९६१ च्या कायद्याने. त्यामागे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशी होत्या, आणि नाईक स्वतः पुसदचे. ही वाट आवश्यक आहे, पण लांब आहे. आक्षेप निघून त्याचे अनुपालन होईपर्यंत संबंधित अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि जिच्या नावावर रक्कम खर्ची पडली त्या बाईला लेखापरीक्षा अहवालात आपल्यावर एखादा परिच्छेद लिहिला गेला, हे कधीच कळत नाही.

ग्रामसभा

खालची वाट ग्रामसभेतून जाते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस रूढ झाले आहेत. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. लाभार्थी निवडणे आणि खर्च मंजूर करणे, दोन्ही याच सभेत व्हायचे असते.

या तारखा विदर्भाच्या शेतीच्या वेळापत्रकाला सोयीच्या नाहीत. १५ ऑगस्टला निंदणाची घाई असते, २ ऑक्टोबरला सोयाबीन कापणीला आलेले असते, जानेवारीत कापूस वेचणी चालू असते, आणि १ मे म्हणजे गडचिरोली-गोंदियात तेंदूपत्त्याचा हंगाम. मजुरी बुडवून सभेला बसणे ज्यांना परवडत नाही, नेमक्या त्यांच्याच घरकुलाची आणि औषधाची चर्चा तिथे व्हायची असते. सभा तहकूब होते, पुढची सभा थोड्या माणसांत उरकते, ठराव मात्र पूर्ण गावाच्या नावाने लिहिला जातो. सभेची वेळ गावाने ठरवावी आणि ती संध्याकाळची असावी, एवढ्या साध्या बदलानेही खूप फरक पडतो.

आदिवासी भागांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा (१९९६) लागू असलेल्या गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांच्या अनुसूचित क्षेत्रांत चित्र थोडे वेगळे आहे. राज्याचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. त्यांनुसार एखादा पाडा किंवा टोला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट या ग्रामपंचायतींना मिळू लागला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली आणि सर्वसहमतीने निर्णय व त्याआधी अभ्यासगटात चर्चा, अशी पद्धत घालून दिली. हिशेब मागायला आधी हिशेब वाचता यावा लागतो, ही गोष्ट मेंढ्याने फार लवकर ओळखली.

आरोग्य : फलकावरचे औषध आणि कपाटातले औषध

ग्रामीण आरोग्यसेवेची रचना लोकसंख्येवर बेतलेली आहे. सपाट भागात ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी व डोंगराळ भागात हेच प्रमाण ३ हजार आणि २० हजार. निकष अंतराचा नाही. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याच्या गावाचाच संपर्क तुटतो, पलीकडच्या टोल्यांचे तर विचारूच नये. रुग्णाला खाटेवर बांधून नाला ओलांडावा लागतो तिथे लोकसंख्येच्या निकषात केंद्र ‘पुरेसे’ असते, आणि खर्चही नियमाप्रमाणेच झालेला असतो.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि पहिल्यांदाच गावाच्या हातात आरोग्याचे थोडे पैसे आले. गावपातळीच्या आरोग्य समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित (गरजेप्रमाणे वापरता येणारा) निधी ठरला, प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती मिळाली. याच अभियानात महाराष्ट्रात २००७ पासून ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ ही प्रक्रिया पाच जिल्ह्यांत सुरू झाली. अमरावती त्यांपैकी एक. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पाच पातळ्यांवर देखरेख समित्या बसल्या. गावकरी आपल्या दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरत. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही कळावे म्हणून त्यात हिरवा, पिवळा आणि लाल रंग असे. नर्सबाई ठरल्या दिवशी आली का, औषध मिळाले की बाहेरची चिठ्ठी लिहून दिली, बाळंतपणाचे पैसे मिळाले का, प्रत्येक मुद्द्याला एक रंग.

मग जनसुनवाई. एका बाजूला सतरंजीवर गाव बसलेले, समोरच्या खुर्च्यांवर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य. एखादी बाई उठते, पदर सावरते आणि सांगते की दवाखान्यातल्या बाळंतपणासाठीच्या जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये तिला मिळाले नाहीत आणि मूल आता चालायला लागले आहे. अधिकाऱ्याला नोंदवही उघडून तारीख सांगावी लागते. महालेखापरीक्षकांच्या अहवालात ७०० रुपये दिसणारही नाहीत, इतके छोटे. इथे मात्र ते माणसासकट समोर उभे असतात. या नोंदीतल्या सगळ्या यंत्रणांमध्ये जनसुनवाईइतके थेट काही नाही, आणि ती नियमित, सगळीकडे होत नाही, हे फार मोठे नुकसान आहे. मेळघाटात आणखी एक अडचण येते. फलक मराठीत असतो, बाई कोरकूत बोलते. दुभाष्या नसेल तर तिची तक्रार ‘तक्रार नाही’ अशी नोंदली जाऊ शकते.

मोजणे हासुद्धा उत्तरदायित्वाचाच भाग आहे. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावोगावी जन्म-मृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवली, तेव्हा सरकारी दफ्तरात बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी नोंदले जातात हे पुढे आले. जे मूल नोंदलेच गेले नाही, त्याच्या मृत्यूचा जाब कुणाला विचारणार? मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कुपोषणाचा प्रश्न म्हणूनच पुन्हा पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकांतून गेला. आदिवासी भागांतील आरोग्य व पोषणासाठीची नवसंजीवन योजना १९९५ पासून चालू आहे, तरीही न्यायालयाला अधिकाऱ्यांकडून आकडे मागवावे लागतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसे वाचले, पण औषध कपाटात नसेल तर खर्च औषध दुकानात होतोच. म्हणून दर्शनी भागात औषधसाठ्याचा फलक रोज भरलेला असणे ही बाब क्षुल्लक नाही. फलकावरचा आकडा आणि कपाटातल्या पट्ट्या कुणालाही शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

घरकुल

प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण २०१६ मध्ये आली आणि इंदिरा आवास योजनेची जागा तिने घेतली. सर्वसाधारण भागात १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४०. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास, अशा राज्याच्या योजना आहेत. पात्रता आधी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून ठरली. त्यात सुटलेल्यांची नावे नंतरच्या सर्वेक्षणातून ‘प्रपत्र ड’ मध्ये आली. गावात तिला ‘ड यादी’ म्हणतात.

पैसा थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात येतो, आणि प्रत्येक टप्प्यावर बांधकामाचे जिओ टॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) छायाचित्र चढवल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. जुन्या पद्धतीपेक्षा ही नक्कीच चांगली आहे, कारण कुणाला किती आणि कधी मिळाले, हे संकेतस्थळावर गावाच्या नावाने पाहता येते. पण छायाचित्र भिंत दाखवते, थांबलेली भिंत का थांबली ते सांगत नाही. एप्रिलमध्ये जुने कवेलूचे घर पाडले, जोते झाले, कॉलमच्या सळया वर आल्या आणि हप्ता अडला. मग शेजारी चार बल्ल्यांवर टिनपत्रे टाकून, वर ताडपत्री ओढून कुटुंब पावसाळा काढते. सळया गंजून तांबड्या होतात. संगणकावर मात्र हे घरकुल ‘प्रगतिपथावर’ असते.

त्यातही एका घराचे पैसे तीन वेगवेगळ्या सरकारी योजनांतून येतात. घरकुलाचे अनुदान वेगळे, रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी वेगळी (डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात ९५ दिवस) आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२४-२५ च्या २९७ रुपये दराने ९० दिवसांची मजुरी २६,७३० रुपये होते. सगळे मिळाले तर सपाट भागातल्या कुटुंबाच्या हाती १,५८,७३० रुपये येतात. मस्टर (मजुरांचे हजेरीपत्रक) निघाले नाही तर मजुरीचा हा भाग बुडतो, आणि त्याचा जाब घरकुल विभाग देत नाही, कारण ती त्याची योजनाच नव्हे. मूळ अनुदान वर्षानुवर्षे तेवढेच राहिले, सिमेंट, लोहा आणि मिस्त्रीची मजुरी वाढत गेली. राज्याने २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांसाठी स्वतःची ५० हजारांची भर घातली. घरकुलाला ५ ब्रास रेती मोफत देण्याचा निर्णयही आहे, पण घाटापासून घरापर्यंतची वाहतूक लाभार्थ्यालाच करावी लागते.

सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानेच खर्चाची तपासणी करणे, हे या सगळ्यावरचे औषध मानले जाते. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने ते ग्रामसभेकडून करून घेणे बंधनकारक केले आणि घरकुल योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून किमान एकदा ते व्हावे, असे म्हटले आहे. त्यातली मुख्य कृती अगदी साधी आहे. नाव, रक्कम आणि तारीख सभेत मोठ्याने वाचायची आणि मग त्या घरापर्यंत चालत जायचे.

कागद मागण्याचा हक्क

महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला काही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. नागपूर आणि अमरावती येथे माहिती आयोगाची खंडपीठे आहेत. फारसे माहीत नसलेले एक साधन म्हणजे २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा व स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अर्ज लिहिणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

आरोग्यसेवक, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि शिक्षक मुख्यालयी राहतात का, याचीही किल्ली ग्रामसभेकडे आहे. सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आवश्यक ठरवला. ‘डॉक्टर मुक्कामी राहते का’ या प्रश्नाला पैशाशी जोडणारा हा दुर्मीळ नियम आहे. तो कडक पाळायचा तर निवासस्थानेही राहण्याजोगी हवीत. गळक्या क्वार्टरमध्ये नर्सबाईने लेकराला घेऊन राहावे, ही अपेक्षा गावालाही पटत नाही.

अडलेल्या जागा

अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक आले. तेव्हापासून आरोग्य समितीत उभे राहून प्रश्न विचारणारा निवडून आलेला सदस्यच नव्हता. खर्च मंजूर करणारा आणि त्याचा आढावा घेणारा अधिकारी एकच झाला.

घरकुलाची दुसरी अडचण जागेची. वऱ्हाडात कित्येक भूमिहीन कुटुंबे ई-क्लास (सरकारी) जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ वर, नाव नसल्याने हप्ता मिळत नाही. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून साहाय्य मिळते, मात्र गावठाणात विकाऊ जागा असावी लागते. पूर्व विदर्भात झुडपी जंगलाची गाठ आहे. महसुली नोंदीत झुडपी जंगल असलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केले, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी, असा मार्ग ठेवला. अशा जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबाचे नाव ड यादीत असते, ग्रामसभेचा ठराव झालेला असतो, मंजुरीचा कागदही हातात असतो. बांधकाम का सुरू होत नाही, याचे उत्तर मात्र ग्रामपंचायतीकडे नसते आणि पंचायत समितीकडेही नसते. ते महसूल आणि वन खात्याच्या फायलीत असते, आणि ती फाईल ग्रामसभेत वाचली जात नाही.