धूम्रपानमुक्तीसाठी गट-समुपदेशन

सिगारेट सोडू पाहणाऱ्या आठ-दहा ते वीसेक जणांनी प्रशिक्षित समुपदेशकासोबत काही आठवडे ठरलेल्या दिवशी भेटायचे, बहुधा सगळ्यांनी एकाच दिवशी सिगारेट सोडायची आणि पुढचे कठीण दिवस एकमेकांच्या सोबतीने काढायचे, अशी ही उपचारपद्धती आहे. तिची आरोग्यविषयक व्याख्यानाशी गल्लत होते, ती टाळलेली बरी. सिगारेट घातक आहे हे गटात येणाऱ्या कोणालाच नव्याने कळायचे नसते. बहुतेकांनी ती पूर्वी दोन-चारदा सोडून पाहिलेली असते. त्यांना हवी असते ती पहिले तीन-चार आठवडे निभावून नेण्याची युक्ती.

या आठवड्यांना एवढे महत्त्व येते ते निकोटिनमुळे. झुरका घेतल्यावर निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. म्हणून नियमित ओढणाऱ्याला दिवसभर थोड्या थोड्या वेळाने तलफ येते. रात्रभराच्या झोपेनंतर तर हे प्रमाण तळाला गेलेले असते. व्यसन किती खोल आहे हे जोखताना ‘सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटवता?’ हा प्रश्न सर्वांत कामाचा ठरतो तो त्यामुळेच. पाच मिनिटांच्या आत, असे उत्तर आले तर व्यसन जबर समजावे. सिगारेट थांबली की चिडचिड, बेचैनी, उदासी, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, सतत खा-खा होणे हे त्रास सुरू होतात. पहिल्या आठवड्यात त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ते बरेचसे ओसरतात. भूक मात्र जास्त काळ रेंगाळते. गटाचे वेळापत्रक या चढउतारांवरच बेतलेले असते.

अशा उपचारांची सुरुवात 1950 च्या दशकात झाली. स्टॉकहोममध्ये बोर्ये एयरूप यांनी लोबेलिन या औषधाच्या जोरावर धूम्रपान सोडवण्याची केंद्रे चालवली. 1960 च्या सुमारास अमेरिकेत डॉक्टर वेन मॅकफार्लंड आणि धर्मोपदेशक एल्मन फोल्केनबर्ग या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या जोडीने ‘पाच दिवसांची योजना’ आखली. लागोपाठ पाच संध्याकाळी लोकांनी जमायचे आणि रोज एक पायरी पुढे जायचे, असे तिचे स्वरूप होते. ती अनेक देशांत पसरली. तिची उणीव तिच्या नावातच आहे. त्रास सर्वांत जास्त असतो त्या आठवड्यातच योजना संपते आणि माणूस एकटा पडतो. पुढे लंडनच्या मॉड्स्ली मनोरुग्णालयाच्या परिसरात मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी धूम्रपानाकडे निकोटिनचे व्यसन म्हणून पाहण्याची दृष्टी रुजवली, तर मानसशास्त्रज्ञ पीटर हायेक यांनी सिगारेट थांबल्यावर होणाऱ्या त्रासावर लक्ष ठेवणारी साप्ताहिक गटपद्धत घडवली. आज अनेक ठिकाणी वापरात असलेला सहा-सात आठवड्यांचा आराखडा मुख्यतः तिथूनच आलेला आहे.

त्यात पहिल्या एक-दोन भेटी तयारीच्या असतात. ओळखी होतात, औषधे ठरतात आणि सोडण्याचा दिवस सर्वांसमोर पक्का होतो. त्या दिवशीच्या सत्रात शेवटची सिगारेट होऊन गेलेली असते. उरलेली पाकिटे आणि लायटर टेबलावर किंवा टोपलीत टाकले जातात. बाहेरून पाहणाऱ्याला हे नाटकी वाटेल. पण वीस वर्षे खिशात राहिलेली वस्तू दहा जणांच्या डोळ्यांदेखत टाकून देणे आणि घरी एकट्याने ‘उद्यापासून बंद’ म्हणणे यांत फार फरक आहे. त्यानंतरचा नियम एकच: एक झुरकासुद्धा नाही. संख्या कमी करत नेण्याची मुभा या पद्धतीत सहसा नसते, कारण उरलेली प्रत्येक सिगारेट तलफ जिवंत ठेवते.

दर भेटीच्या सुरुवातीला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. खोल श्वास घ्यायचा, सुमारे 15 सेकंद रोखायचा आणि मग नळीत सावकाश सोडायचा. पडद्यावर आकडा चढत जाऊन थांबतो. नियमित ओढणाऱ्याचा आकडा दशलक्षात वीस-तीस भाग असा सहज येतो. दहाच्या खाली आला की त्या दिवसापुरती माणसाने सिगारेट सोडली असे धरतात. हा वायू एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जात असल्याने पुढच्याच भेटीत आकडा दोन-तीनवर आलेला दिसतो. फुप्फुसांची प्रकृती सुधारल्याचे डोळ्यांना दिसत नाही, आकडा दिसतो. म्हणून लोक रांगेत उभे राहून एकमेकांचे आकडे विचारतात. यंत्राला मर्यादाही आहे. तीन दिवसांपूर्वी ओढलेली सिगारेट त्याला कळत नाही. त्यासाठी लाळेतले किंवा लघवीतले कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ, तपासावे लागते, आणि तलफ शमवायला औषध म्हणून निकोटिनची पट्टी लावणाऱ्याच्या शरीरात तेही सापडतेच.

मग प्रत्येकाचा आठवडा ऐकला जातो. उपचाराचा गाभा हाच. समुपदेशक चांगला असेल तर इथे तो कमीत कमी बोलतो. ‘मला झोप लागत नाही’ असे कोणी म्हटले की उत्तर समोरच्या खुर्चीतून यावे आणि ते ‘मलाही’ असे असावे, यासाठी त्याची धडपड असते. निकोटिनच्या च्युइंगगमने उचक्या लागतात अशी तक्रार हमखास येते. साध्या गमसारखे भराभर चघळल्याने तसे होते. थोडे चघळून गम गालाशी दाबून धरायचे असते, आणि ही रीत शेजारचा गडी दोन मिनिटांत करून दाखवतो. कॉफीने हात थरथरतात म्हणणाराही एखादा असतो. त्याचे कारण मजेशीर आहे. सिगारेटच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा जलद करते. धूर थांबला की तो वेग मंदावतो आणि नेहमीची कॉफी दुपटीच्या ताकदीची होऊन बसते. या माणसाला वाटत असते की हे सगळे निकोटिन सोडल्याचे भोग आहेत. वजनाची धास्तीही बोलून दाखवली जाते. ती खोटी नाही, कारण पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. हे दडवण्यापेक्षा आधीच सांगितलेले बरे.

कोणी घसरला, म्हणजे मध्येच एखादी सिगारेट ओढून आला, की गटाची खरी कसोटी लागते. एक सिगारेट ही चूक आणि पुन्हा रोज ओढणे हे व्यसनाकडे परतणे, असा भेद मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी मांडला. ‘आता मोडलेच आहे’ या निराशेतून माणूस पहिल्यावरून दुसऱ्याकडे जातो, हे त्यांचे निरीक्षण. गटात त्या माणसाला झापले तर पुढच्या आठवड्यात तो येत नाही, आणि अगदीच पाठीवरून हात फिरवला तर बाकीच्यांनाही सूट मिळाल्यासारखे वाटते. कुठे होता, सोबत कोण होते, हातात सिगारेट कशी आली, एवढे बारकाईने विचारून पुढच्या वेळची तजवीज करणे हा मधला मार्ग. तो बोलायला सोपा असला तरी सांभाळायला अवघड आहे.

गटासोबत औषधे देणे आता सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत व्हरेनिक्लिन, निकोटिनचे पर्यायी प्रकार (पट्टी, च्युइंगगम वगैरे), ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन या औषधांबरोबर वैयक्तिक, गटातील व दूरध्वनीवरील समुपदेशनाची शिफारस आहे. औषध तलफेची धार बोथट करते. सवयीने खिशाकडे जाणाऱ्या हाताचे काय करायचे ते माणसाला शिकावे लागते.

परिणामकारकतेचे चित्र आश्वासक आहे, पण अनेकदा फुगवून सांगितले जाते. कोणत्याही मदतीविना सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शेकडा तीन ते पाचच असतात. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात गट-उपचार घेणाऱ्यांत धूम्रपान सुटण्याचे प्रमाण केवळ माहितीपुस्तिकांच्या आधारे प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा दीडपट ते सव्वादोनपट आढळले. तेवढाच वेळ देऊन केलेल्या वैयक्तिक समुपदेशनापेक्षा मात्र गट सरस असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. प्रत्यक्ष सेवांच्या नोंदींमध्ये काही वेळा गटांचे निकाल उजवे दिसतात; पण स्वतःहून गट निवडणारी माणसे आधीच जास्त निर्धाराची असण्याचा संभव असतो. गटाचा निर्विवाद फायदा वेगळाच आहे: एक समुपदेशक एका तासात पंधरा जणांपर्यंत पोहोचतो.

अडचण मुख्यतः माणसे जमवण्याची. अनोळखी लोकांपुढे आपले व्यसन मांडायला पुष्कळ जण धजत नाहीत. ज्यांना धीर होतो त्यांना गट भरेपर्यंत थांबावे लागते, आणि सोडण्याची उमेद काही आठवडे थांबत नाही. यावर तोड म्हणून केव्हाही सामील होता येईल असे खुले गट निघाले. त्यांत नवख्यांना सहा आठवडे टिकलेला माणूस समोर दिसतो, पण सर्वांनी एकाच दिवशी सोडल्याने येणारी जवळीक हरवते. व्हिडिओवरच्या गटांनी प्रवासाचा प्रश्न सोडवला. ‘निकोटिन ॲनॉनिमस’सारखे स्वयंसाहाय्य गट तर समुपदेशकाविनाच चालतात.

यश मोजण्याची रीत कडक आहे. 2005 मध्ये मांडलेल्या आणि रसेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकानुसार सहा महिने किंवा वर्षभरात पाचपेक्षा जास्त सिगारेटी न ओढणारा आणि जैवरासायनिक चाचणीत उतरणारा माणूसच यशस्वी धरतात. जो मध्येच यायचा थांबला आणि ज्याचा पुढे पत्ता लागला नाही, तो ओढतो आहे असेच गृहीत धरले जाते.