गादीतली हवा

सरकत्या पट्ट्यावर कागद अंथरलेला, दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या आणि वरून नळीतून पडणारं पातळ मिश्रण. पहिले काही सेकंद ते नुसतं पसरतं. मग एकदम दुधाळ होतं आणि दूध उतू जावं तसं वर चढायला लागतं. पट्ट्याच्या कडेने थोडं चाललं की गुडघ्याएवढा फेस, आणखी पुढे गेलं की कमरेच्या वर गेलेला ठोकळा. सगळा खेळ दीड-दोन मिनिटांचा. गादीच्या कारखान्यात बघण्यासारखं बरंच असतं, पण माझा पाय इथून निघत नव्हता.

मिश्रणात मुख्य घटक दोन: पॉलिऑल आणि आयसोसायनेट. ही दोन द्रव रसायनं एकमेकांना जोडली गेली की पॉलियुरेथेन, म्हणजे या फोमचं प्लॅस्टिक, तयार होतं. याचं रसायनशास्त्र जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये उभं केलं. पण फोम फुगवतं कोण? साधं पाणी. शंभर भाग पॉलिऑलमागे तीन-चार भाग पाणी घातलं, की त्याची आयसोसायनेटशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कोट्यवधी बुडबुडे फुगू लागतात.

म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात. वायू मिश्रणाला फुगवतोय आणि मिश्रण घट्ट होतंय. घट्ट व्हायला उशीर झाला तर वायू निसटतो आणि ठोकळा खाली बसतो. घाई झाली तर बुडबुडे बंदच राहतात आणि थंड होताना फोम आक्रसतो. हा मेळ राखण्यासाठी वेगवेगळे उत्प्रेरक अगदी मोजून घालतात. बुडबुडे वेळेआधी फुटू नयेत म्हणून सिलिकोनचं एक द्रव्यही असतं. हवेतला दमटपणा किंवा दाब बदलला तरी प्रमाण पुन्हा जुळवावं लागतं. भट्टी जमवणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

ठोकळा पूर्ण उंचीला पोचला की त्याच्या पाठीवर बारीक बारीक फोड येऊन फुटतात. त्याने श्वास सोडावा तसं ते दिसतं. त्याच क्षणी आतल्या बुडबुड्यांचे पातळ पडदे फाटतात आणि मागे उरतो तो नुसता काड्यांचा सांगाडा. ताज्या कापाचा तुकडा भिंगाखाली धरला तर पडद्यांच्या जागी उघडलेल्या या खिडक्या स्पष्ट दिसतात. त्या उघडल्या नसत्या तर फोम फुग्यांच्या ढिगासारखा झाला असता: हवा खेळली नसती आणि दाबलं की नुसता उसळला असता.

अभिक्रियेत उष्णता इतकी निघते की ठोकळ्याचा गाभा १५० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. फोम उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे प्रमाण चुकलं तर आतून पेट घेण्याचाही धोका असतो. म्हणून ताजे ठोकळे एकमेकांपासून लांब, नजरेखाली ठेवतात आणि निवल्यावरच त्यांच्या लाद्या कापतात.

गादी घेताना ‘३२ घनता’ असं ऐकू येतं, ते एका घनमीटर फोमचं किलोग्रॅममधलं वजन. सलग पॉलियुरेथेनचं तेवढंच आकारमान सुमारे १,२०० किलो भरेल. म्हणजे या फोममध्ये जवळपास ९७ टक्के हवाच आहे. घनता म्हणजे कडकपणा, ही समजूत मात्र सोडायला हवी. कडकपणा वेगळा मोजतात: लादी जाडीच्या चतुर्थांशाने दाबायला किती बळ लागतं, यावरून. घनतेचा संबंध जास्त करून टिकाऊपणाशी. तोही फोम चोख असेल तरच, कारण खडूची भुकटी मिसळूनही वजन वाढवता येतं.

स्प्रिंगच्या विभागात पोलादी तार गुंडाळली जाते, तापवून तिच्यातला ताण घालवला जातो आणि प्रत्येक स्प्रिंग दाबून कापडाच्या वेगळ्या पिशवीत बंद होते. शेजारणीला न ओढता एकटी दबते ती यामुळेच.

युरोपीय पद्धतीच्या चाचणीत साधारण १४० किलोच्या भाराचा रूळ गादीवरून ३०,००० वेळा फिरवतात आणि उंची, कडकपणा पुन्हा मोजतात.

शेवटी काही गाद्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, दाबयंत्राखाली चपट्या करतात आणि वळकटी बांधतात. गादी वीतभर उंचीची असेल तर चार बोटं होते. महिन्याभराने कोणी पिशवी कापली की सळसळ होते आणि हवा आत शिरू लागते. ठोकळ्याने श्वास सोडताना उघडलेल्या त्याच खिडक्यांतून.