विंडोज काढून लिनक्स टाकलं, आता डिफ्रॅग करायचं का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ज्यांच्या जुन्या मशीनवर ११ चढत नाही असे बरेच जण आमच्याकडून लिनक्स मिंट टाकून घेतायत, मग काही दिवसांनी फोन येतो, डिफ्रॅग (डिस्कवर तुकड्यांत विखुरलेल्या फाइली सलग लावायचं काम) कुठंय, मेनूत सापडत नाहीये. सापडणार नाही, आणि तुम्हाला लागणारही नाही. त्याचे पैसे आम्ही घेत नाही, कोणी मागत असेल तर कशाचे ते जरूर विचारा.

लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फाइल लगेच लिहून टाकत नाही, किती जागा लागतेय ते बघते आणि शक्यतो सलग मोकळी जागा धरून लिहिते, त्यामुळे तुकडे मुळातच कमी पडतात. फक्त डिस्क काठोकाठ भरली की तिचाही नाइलाज होतो, म्हणून १५ टक्के तरी रिकामी ठेवा. जागा खाणारा नेहमीचा गडी म्हणजे टाइमशिफ्ट, मिंटचं बॅकअप घेणारं साधन, त्यातले जुने स्नॅपशॉट (वेळोवेळी घेतलेल्या प्रती) उडवा, शेवटचे दोन-तीन राहू द्या. आणि हो, त्यात सिस्टीमचा बॅकअप असतो, तुमच्या फोटोंचा नाही!

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) असेल तर डिफ्रॅगचा विषयच सोडा, उगाच लिहून लिहून तिचं आयुष्य कमी होतं. तिला ट्रिम लागतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाली हे डिस्कला कळवणं, ते मिंट आठवड्यातून एकदा स्वतःच करतं.

खरी अडचण येते ती जुन्या डी ड्राइव्हची. डेटा जाऊ नये म्हणून तो आपण एनटीएफएसच (विंडोजची फाइल सिस्टीम) ठेवतो, आणि कॉपी चालू असताना लाइट गेली की नंतर कधीकधी तो उघडतच नाही. मिंटचा स्वतःचा भाग बूट होताना आपोआप तपासला जातो, पण एनटीएफएसची नीट दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या साधनानेच होते, तेव्हा मशीन घेऊन या, इथे दुसऱ्या पीसीला लावून करून देतो. दोन्ही सिस्टीम ठेवल्या असतील तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाउन अर्धवटच होतं आणि मिंटमध्ये तो ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यावर काही सेव्ह होत नाही.

सिस्टीम बदलली म्हणून जुनी हार्डडिस्क नवी होत नाही बरं का. मिंटमध्ये 'डिस्क्स' उघडा, स्मार्ट डेटा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा, रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागांचा, आकडा वाढत चालला असेल किंवा डिस्क टकटक वाजत असेल तर काही चालवत बसू नका, आधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, मग आम्हाला फोन करा.