युनिट टेस्टचा वेळ जातो कुठे?

युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एकेक छोटा तुकडा नीट चालतो का, ते तपासणारा कोड. पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या कुठल्याही वेब टीममध्ये ‘टेस्ट चालवल्यास का?’ असं विचारा. ‘सीआयवर (कोड जमा झाला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालतील की’ हे उत्तर ठरलेलं. यात आळस थोडा असतो, पण खरं कारण वेळेचं. टेस्टना वीस मिनिटं लागत असतील तर दर बदलानंतर त्या कोण चालवणार?

मुळात या टेस्ट कोड लिहिणाऱ्यानेच, लिहिता लिहिता चालवायच्या म्हणून जन्मल्या. केंट बेक या प्रोग्रामरने स्मॉलटॉक भाषेसाठी एसयुनिट हे टेस्ट लिहायचं साधन बनवलं, त्यावरचा त्याचा लेख १९९४चा. १९९७ मध्ये झ्युरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात त्याने आणि एरिक गामाने मिळून जावासाठी जेयुनिट लिहायला घेतलं. पुण्यात परदेशी कंपन्यांचं काम जोरात होतं तेव्हा मात्र बहुतेक ठिकाणी टेस्टिंग हा वेगळ्या टीमचा प्रांत होता. कोड ‘क्यूए’कडे, म्हणजे त्या तपासणाऱ्या टीमकडे, टाकला की डेव्हलपर मोकळा! ती सवय अजून पुरती गेलेली नाही.

वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचे तयार सांगाडे, आले आणि घोळ वाढला. २००४ च्या रुबी ऑन रेल्समध्ये टेस्टची सोय पहिल्यापासून होती, पण मॉडेलच्या (डेटा सांभाळणाऱ्या कोडच्या) ‘युनिट’ टेस्टसुद्धा खऱ्या डेटाबेसशी बोलायच्या. दर टेस्टनंतर टेबलं पुसून पुन्हा भरण्यात वेळ जायचा. त्यावर तोड निघाली ती अशी: टेस्ट डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनच्या आत चालवायची आणि शेवटी रोलबॅक करायचं, म्हणजे केलेले सगळे बदल एका झटक्यात मागे घ्यायचे. पायथन भाषेतल्या जॅंगो या फ्रेमवर्कने हे २००९ च्या १.१ आवृत्तीत आणलं. माझ्या मते वेगाच्या बाबतीत एवढी मोठी उडी नंतर क्वचितच कुणी मारली.

क्रूझकंट्रोल, हडसन, मग २०११ पासून जेन्किन्स, या सीआयच्या साधनांनी वाट बघणं डेव्हलपरच्या लॅपटॉपवरून सर्व्हरवर नेलं. कमी नाही केलं.

पुढची पायरी टेस्ट अनेक प्रोसेसमध्ये वाटून समांतर चालवण्याची. जॅंगो १.९ मध्ये २०१५ साली, तर रेल्स ६ मध्ये २०१९ साली ही सोय आली; प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा डेटाबेस मिळतो. फेसबुकमध्ये जन्मलेल्या जेस्ट या टेस्टच्या साधनाने जावास्क्रिप्टवाल्यांना आणखी वेगळी युक्ती दिली. कुठली फाइल कुठली फाइल वापरते ते पाहून बदललेल्या फाइलींशी संबंधित टेस्टच चालवायच्या.

पण समांतर चालवायला प्रोसेसरचे कोअर वाढवण्याआधी एक जागा बघून घ्यावी. पासवर्ड हॅश करणारे, म्हणजे उलट वाचता न येणाऱ्या रूपात बदलणारे, अल्गोरिदम चोरांना त्रास व्हावा म्हणून मुद्दाम संथ ठेवलेले असतात. दर टेस्टच्या सुरुवातीला नवा युजर तयार होत असेल, तर तो संथपणा शेकडो वेळा आपल्याच माथी येतो. टेस्टच्या सेटिंगमध्ये साधा, वेगवान हॅशर लावा, असं जॅंगोच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. बदल एका ओळीचा आहे. फक्त ती ओळ प्रॉडक्शनच्या, म्हणजे लोक वापरतात त्या खऱ्या साइटच्या, सेटिंगमध्ये जाऊ देऊ नका.