गळलेले केस मोजू नका, बारीक झालेले केस बघा

मागच्या वर्षी एका रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा मेसेज आला. नुसता फोटो, तळहातावर ओले केस पसरलेले आणि खाली एक ओळ, "दादा हे नॉर्मल आहे का". मी लगेच फोन लावला. त्याने केस मोजले होते, १४० भरले, आणि वय त्याचं २२. आवाज एकदम बसलेला.

मला ते सगळं ओळखीचं होतं कारण त्याच वयात मीही हेच केलंय, उशीवरचे केस वेचून बघणं, वरून लाइट पडेल अशी जागा टाळणं, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत सरकणं, रात्री मोबाइलवर तेच तेच सर्च करत बसणं. घरचे म्हणतात केसांचं काय एवढं घेऊन बसलास, पण विशीत रोज आरशात स्वतःचा चेहरा बदलताना दिसतो तेव्हा पोटात जो गोळा येतो तो खराच असतो. फक्त त्यातली बरीचशी काळजी आपण चुकीच्या गोष्टीवर घालवतो. आपण गळलेले केस मोजतो, आणि टक्कल पडतंय की नाही हे त्या आकड्यावरून जवळजवळ कळतच नाही. ते कळतं गेलेल्या केसाच्या जागी पुन्हा जो केस येतोय तो किती जाड आहे त्यावरून.

आधी हिशोब बघू. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं काम बंद होतं आणि पुढचे तीनेक महिने तो नुसता जागेवर बसून असतो, नंतर गळतो आणि त्याच खड्ड्यातून नवा केस निघतो. सगळ्या केसांची वेळ वेगवेगळी असते म्हणून आपण एकदम बोडके होत नाही. कुठल्याही दिवशी साधारण दहा टक्के केस या बसलेल्या अवस्थेत असतात, म्हणजे झाले १० हजार, ते शंभरेक दिवसांत गळणार म्हणजे दिवसाला १०० च्या आसपास. हे निरोगी डोक्याचं गणित आहे. आणि तुम्ही तीन दिवसांनी डोकं धुतलंत तर सुटून अडकून राहिलेले सगळे त्याच दिवशी हातात येतात, त्यामुळे बाथरूमच्या जाळीवर २०० केस दिसले तरी ते तीन दिवसांचे असतात.

भाऊ पुढे म्हणाला, "पण टोकाला पांढरं आहे दादा, मूळच निघून आलंय". ही भीती फार जणांना असते. गळलेला केस उजेडात धरा, एका टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान असा पांढुरका ठिपका दिसेल. ते मूळ नाही. वाढ थांबल्यावर केसाचं खालचं टोक कडक होऊन गदेसारखं गोल होतं, तोच तो ठिपका. केस बनवणारी जी पिशवी असते, फॉलिकल म्हणतात तिला, ती कातडीत तशीच राहते आणि पुढच्या केसाची तयारी करते. उलट तो ठिपका असणं म्हणजे केस आपली पूर्ण पाळी संपवून गेला.

मग टक्कल कशाने पडतं? फॉलिकलच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका असतो, डर्मल पॅपिला. केस किती जाड निघणार आणि किती वर्षं वाढणार हे बरंचसं तो ठरवतो. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम डीएचटी हे जास्त ताकदीचं हार्मोन बनवतं, आणि ज्यांच्या फॉलिकलमध्ये त्याची संवेदनशीलता जन्मजात जास्त असते तिथे हा पुंजका दर फेरीला थोडा लहान होत जातो. आधी केस पाच वर्षं वाढायचा, मग तीन, मग एक, मग काही महिने, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक, शेवटी ०.०३ मिलिमीटरपेक्षाही बारीक, म्हणजे अंगावर असते तशी लव. फॉलिकल मेलेलं नसतं, ते आखडलेलं असतं. म्हणून कित्येक मुलांचे केस फारसे न गळताही विरळ होतात आणि कित्येकांचे ढिगाने गळूनही पुन्हा जसेच्या तसे येतात.

मला यातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट ही वाटते की तेच डीएचटी दाढीचे केस जाड करतं. एकच हार्मोन, एकच माणूस, हनुवटीवर केस भरतोय आणि कानशिलांवर घालवतोय. आणि डोक्याची मागची आणि बाजूची पट्टी त्याला फारशी दादच देत नाही. फरक रक्तातल्या हार्मोनमध्ये नाही, त्या त्या जागेच्या फॉलिकलमध्ये आहे. १९५९ साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक या त्वचारोगतज्ज्ञांनी हे दाखवून दिलं, मागचे केस काढून पुढे लावले तर ते पुढेही मागच्यासारखेच वागतात. आजचं हेअर ट्रान्सप्लांट याच एका गोष्टीवर उभं आहे.

हार्मोनचा हात आहे हे त्याआधीच कळलं होतं. जेम्स हॅमिल्टन हे अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ, त्यांनी १९४२ साली दाखवलं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले किंवा ज्यांच्यात ते वाढलेच नाहीत अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस मागे सरकायला लागतात. पुढचा धागा मिळाला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये. तिथल्या एका भागात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची आणि वयात आल्यावर पुरुष म्हणून वाढायची. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ साली कारण प्रसिद्ध केलं, त्यांच्यात ते ५-अल्फा रिडक्टेज नीट कामच करत नव्हतं. या पुरुषांची प्रोस्टेट लहान राहायची आणि केस मागे सरकायचे नाहीत. त्यावरूनच फिनास्टेराइड आलं, १९९२ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी मंजूर झाली.

"मामांना टक्कल आहे ना, मग मला पडणारच", हे भावाचं पुढचं वाक्य. यात अर्धं खरं आहे. अँड्रोजेन रिसेप्टरचं, म्हणजे पेशीत पुरुषी हार्मोनचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचं, महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं, त्यामुळे मामाकडे बोट दाखवतात ते अगदीच उगाच नाही. पण २०१७ साली ब्रिटनमध्ये ५२ हजारांहून जास्त पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी संबंधित गुणसूत्रांवरच्या २८७ जागा सापडल्या आणि त्यातल्या फक्त ४० एक्सवर होत्या. बाकीच्या आई आणि वडील दोघांकडून येतात. म्हणून एकाच घरात एका भावाला टक्कल आणि दुसऱ्याला भरघोस केस असं होतं, मामाकडे बघून भविष्य ठरवता येत नाही.

आणि ज्यांच्यावर आळ येतो त्यांच्याबद्दल पटकन सांगतो. शाम्पू, टोपी, हेल्मेट, रोज डोकं धुणं, यांनी असं टक्कल पडत नाही. टक्कल पडलेल्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन जास्त असतं असंही नाही. हस्तमैथुनाने केस जातात ही भीती मुलं मनात कोंडून ठेवतात, कोणाला विचारत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहितोय, त्याचा काही संबंध नाही, त्यावरून स्वतःला दोष देणं आजच थांबवा. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं म्हणाल तर त्याची खरी कमतरता फार क्वचित असते, आणि जास्त डोसमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा, याबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये इशाराच दिलाय. तेव्हा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा तरी.

भावाला मी विचारलं, दोन-तीन महिन्यांपूर्वी आजारी होतास ना. होता, आठवडाभर चांगलाच ताप होता. मोठा ताप, ऑपरेशन, अचानक खाणं तोडून केलेलं डाएट, जबरदस्त मानसिक धक्का, यांनी एरवी आणखी वर्षं वाढले असते असे खूपसे केस एकदमच बसलेल्या अवस्थेत जातात, आणि ती अवस्था तीनेक महिन्यांची असल्यामुळे ते गळतात तेव्हा आपण ताप विसरलेलो असतो आणि दोष नव्या शाम्पूला जातो. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात, कोविडनंतर असंख्य लोकांनी हे अनुभवलं. यात फॉलिकल आखडत नाही. कारण संपलं की साधारण सहा महिन्यांत गळणं आपोआप थांबतं, फक्त तेवढे महिने काढणं जिवावर येतं हे मला मान्य आहे.

बघायचं कसं ते सांगतो. गळलेल्या केसांत लांब, जाड केस असतील तर आकडा मोठा दिसला तरी ते पाळी संपलेले केस. पण त्यात दोन-तीन सेंटिमीटरचे, कधी कात्री न लागलेले, हातात धरल्यावर जेमतेम दिसणारे बारीक केस खूप असतील तर लक्ष द्या, ते लांब व्हायच्या आतच गळलेत. तसंच कानशिलांजवळ किंवा भोवऱ्यापाशी केस बाजूला करा आणि डोक्याच्या मागच्या केसांशी जाडीची तुलना करा. मागे दोऱ्यासारखे आणि पुढे जाड-बारीक सगळे मिसळलेले असं दिसलं तर ते आखडणं सुरू झालेलं असू शकतं. एक मात्र आहे, साधारण १७ ते २५-२६ वयात बहुतेक पुरुषांची हेअरलाइन सेंटिमीटरभर मागे जाते आणि तिथे थांबते, ती पोरवयाची रेघ जाऊन मोठ्या माणसाची येते, त्याला टक्कल म्हणत नाहीत. आणि नाण्याएवढा गोल गुळगुळीत डाग पडला तर ती चाई, तो वेगळाच आजार, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच फॉलिकलवर चालून जाते. ते दिसलं किंवा डोकं दुखतंय, खवले निघतायत, जखमा होतायत तर घरी प्रयोग न करता थेट स्किनच्या डॉक्टरांकडे.

माझ्या बाबतीत ते आखडणंच होतं. मी दोन वर्षं केस मोजण्यात घालवली आणि डॉक्टरकडे उशिरा गेलो, त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण औषधं आहे ते टिकवण्यात जास्त चांगली असतात, पूर्ण गेलेलं परत आणण्यात कमी. मिनॉक्सिडिल हे मुळात ब्लड प्रेशरचं औषध, पेशंटच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा त्याचा हा उपयोग कळला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायचं द्रावण मंजूर झालं. पहिल्या काही आठवड्यांत त्याने केस जास्तच गळतात कारण बसलेले केस नव्यांना जागा देऊन लवकर सुटतात, नेमकं तेव्हाच घाबरून बरेच जण सोडून देतात. फरक दिसायला चारेक महिने लागतात आणि बंद केलं तर मिळालेले केस जातात. फिनास्टेराइडने रक्तातलं डीएचटी साधारण दोन-तृतीयांशाने कमी होतं, दोन वर्षांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांची भोवऱ्यावरची केसगळती पुढे सरकली नाही, नुसत्या खोट्या (औषध नसलेल्या) गोळीवर हेच प्रमाण २८ टक्के होतं. त्याचे लैंगिक साइड इफेक्ट चाचण्यांत ३.८ टक्के लोकांत दिसले, खोट्या गोळीवर २.१ टक्के, आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार यांचीही नोंद झालेली आहे. त्यामुळे मित्राच्या सांगण्यावरून ही गोळी सुरू करू नका, आधी मनाची काही तक्रार असेल तर डॉक्टरांना ती नक्की सांगा. आणि काहीच न घेणं, केस बारीक कापून टाकणं, हाही पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो, माझ्या ओळखीत दोघांनी तो घेतलाय आणि दोघेही सुटल्यासारखे वाटतात. पण केसांमुळे बाहेर जाणं, लोकांना भेटणंच बंद झालं असेल तर केसांच्या आधी त्याबद्दल कोणाशी तरी बोला.

भावाला मी मोजणं बंद करायला लावलं. त्याऐवजी महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या केसांचा फोटो, बाकी काही नाही. पहिल्या दोन फोटोंत काहीच कळत नव्हतं आणि तो रोज विचारायचा. पाचव्या फोटोत कपाळाच्या रेघेवर छोटे छोटे केस ताठ उभे होते, टोकाला अणकुचीदार, कंगव्याने दाबले तरी पुन्हा वर येणारे. मी फोटो मोठा करून बघितला, बुडाशी ते मागच्या केसांइतकेच जाड होते.