कुठलं वेखंड?

भाचीचं बाळ महिन्याचं झालं आणि मावशीनं बाळघुटीचा डबा काढला. सहाणेवर आईचं दूध, त्यात हळकुंडाचा एक वेढा, बाळहिरड्याचे दोन, जायफळाचा अर्धा आणि मग वेखंड. कांडी दगडावर फिरली की आधी ओल्या मातीसारखा वास येतो, मागून मसाल्यासारखा उग्र. मावशी म्हणाली, "अगं, तू तेलं तपासण्याचंच काम करतेस ना? मग सांग, हे द्यावं की नाही?" कांडी नाकाशी धरून मी गप्प बसले. नुसत्या 'वेखंड' या नावावर याचं उत्तर देता येत नाही.

वेखंड म्हणजे अकोरस कॅलॅमस. पाणथळ जागी वाढतं, पानं तलवारीच्या पात्यासारखी, औषधात वापरतात तो चिखलातला आडवा कंद. ही वनस्पती दिसायला एक असली तरी तिच्या पेशींतल्या गुणसूत्रांची संख्या जागेगणिक बदलते. उत्तर अमेरिका आणि सायबेरियात २४, युरोपात ३६, भारतात आणि पूर्व आशियात मुख्यतः ४८. युरोपातलं ३६ वालं वांझ आहे, बी धरत नाही, कंदाच्या तुकड्यांनीच पसरतं. आपल्या कामाची गोष्ट तेलाची आहे. २४ वाल्याच्या तेलात बीटा-असारोन नावाचा रेणू जवळजवळ नसतोच, ३६ वाल्यात थोडा असतो आणि ४८ वाल्यात तो कधीकधी नव्वद टक्क्यांच्याही पुढे जातो.

१९६७ साली जम्मूच्या वेखंडाचं, बीटा-असारोननं भरलेलं तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात गाठी आढळल्या होत्या. १९६८ मध्ये अमेरिकेनं खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. युरोपात मद्यांमध्ये बीटा-असारोनची कमाल मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम आहे. उंदरांना दिलेला डोस आणि सहाणेवरचा अर्धा वेढा यांत मोठं अंतर आहे, हे मान्य. पण 'शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून दुष्परिणाम शून्य' असं छापलेली वेखंड तेलाची बाटली पाहिली की मला राग येतो. बीटा-असारोनही शंभर टक्के नैसर्गिकच आहे.

मग तो मोजायचा कसा? भरडलेला कंद पाण्यात तीन-चार तास उकळायचा. वाफेबरोबर तेल वर येतं, थंड होऊन काचेच्या नळीत साठतं. बहुतेक सुगंधी तेलं पाण्यावर तरंगतात. बीटा-असारोननं गच्च भरलेलं वेखंडाचं तेल पाण्याहून जड भरतं आणि खाली बसू पाहतं. पहिली चाहूल इथेच लागते.

तेलाचा सूक्ष्म थेंब मग गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये जातो. आत ३० मीटर लांबीची, केसासारखी बारीक नळी वेटोळं करून ओव्हनमध्ये ठेवलेली असते, पाव मिलिमीटर पोकळीची. आतून तिला द्रवाचं पातळ अस्तर. हेलियम वायू रेणूंना पुढे ढकलतो, अस्तर मागे ओढतं. ओव्हन ६० अंशांपासून मिनिटाला तीन अंशांनी तापत जातो. चटकन उडणारे, अस्तराला कमी चिकटणारे रेणू आधी बाहेर पडतात, बाकीचे रेंगाळतात. पंढरीच्या वाटेवर सगळे एकत्र निघाले तरी दिंडी लांबत जाते, तसं.

बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रेणूवर मास स्पेक्ट्रोमीटर इलेक्ट्रॉनचा मारा करतो. रेणू फुटतो आणि तुकड्यांच्या वजनांवरून तो ओळखू येतो. वेखंडाची खरी गंमत इथे आहे. बीटा-असारोनला एक जुळा भाऊ आहे, अल्फा-असारोन. दोघांचं सूत्र एकच, वजन २०८. फरक फक्त शेपटीच्या दुहेरी बंधात: बीटामध्ये दोन्ही बाजूंचे मोठे गट एकाच अंगाला, अल्फामध्ये विरुद्ध अंगांना. एवढ्यानं अल्फा खोलीच्या तापमानाला घन असतो आणि बीटा तेलकट द्रव. पण इलेक्ट्रॉनचा मार बसला की त्या दुहेरी बंधाची पकडच ढिली होते, डावं-उजवं पुसलं जातं. दोघेही २०८, १९३, १६५ असेच तुकडे दाखवतात. संगणकातला ओळखीच्या रेणूंच्या तुकड्यांचा संग्रह दोन्ही नावं जवळजवळ सारख्याच खात्रीनं पुढे करतो. लाखो रुपयांचं यंत्र या जुळ्यांपुढे आंधळं होतं.

इथे कामी येते ती वेळ. बीटा वाकडा, त्यामुळे अस्तरावर नीट टेकत नाही आणि आधी निसटतो. अल्फा सपाट, तो चिकटून राहतो. पण नुसती मिनिटं सांगून भागत नाही, नळी बदलली की मिनिटं बदलतात. कोवाट्स या रसायनज्ञानं १९५८ मध्ये त्यावर तोडगा काढला: सरळ साखळीचे हायड्रोकार्बन, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनचे रेणू, त्याच वाटेनं सोडा आणि त्यांना मैलाचे दगड माना. सोळा कार्बनचा दगड १६००, सतरा कार्बनचा १७००. नेहमीच्या अध्रुवीय, म्हणजे पाण्याशी न जमणाऱ्या, अस्तरावर बीटा-असारोन १६१७ च्या आसपास येतो आणि अल्फा १६७६ च्या आसपास. नळी कितीही झिजली तरी ही जागा फारशी हलत नाही. वनौषधींच्या तेलावरचा शोधनिबंध हातात आला की मी आधी हा आकड्यांचा रकाना शोधते. तो नसेल आणि असारोनचं नाव ठामपणे छापलेलं असेल, तर मी पुढे वाचत नाही.

आयुर्वेदात वेखंड शुद्ध करून घ्यायला सांगितलं आहे, द्रवात उकळून आणि वाफवून. उकळताना वाफेबरोबर तेलाचा काही भाग उडणारच. बाजारातून आणलेली कोरडी कांडी थेट सहाणेवर उगाळताना ही पायरी आपण गाळून टाकलेली असते. वेखंड चाटवल्यानं बाळ लवकर बोलतं किंवा त्याचे मणी मनगटात बांधल्यानं दृष्ट लागत नाही, यासाठी तर ते आणायची काहीच गरज नाही.

मावशीला मी म्हटलं, "ही कांडी जम्मूची की कोकणातली, तुला सांगता येणार नाही, मलाही न तपासता येणार नाही. बाळाला नको देऊ." तिनं ती पुसली आणि साड्यांच्या कपाटात ठेवली. बीटा-असारोन किडींची प्रजननशक्ती मारतो, हे भारतीय संशोधकांनी १९७७ मध्येच दाखवलं आहे.