पेटीवरचं वजन आम्ही आधी का रंगवत नाही
(कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या एक्सपोर्ट पॅकिंगच्या ग्राहकांसाठी)

"माल साडेनऊशे किलोचाच आहे, वजन कशाला लिहायचं?" महिन्यातून एकदोनदा तरी हा फोन येतोच. म्हणून एकदाच छापून ठेवतोय.

नियम एक टनाचा आहे, पण तो तुमच्या कास्टिंगचा (ओतीव भागाचा) नव्हे, भरलेल्या पेटीचा. जहाजाने जाणाऱ्या ज्या नगाचं एकूण वजन 1000 किलो किंवा जास्त, त्याच्या बाहेरच्या अंगाला ते ठळक, न पुसणारं लिहिलेलं हवं, तेही जहाजावर चढण्याआधी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हा 1929 चा करार, क्रमांक 27. भारताने तो 1931 मध्ये मान्य केला आणि 1951 मध्ये त्यासाठी कायदाही केला. कामगारांच्या संघटनेला पेटीशी काय देणंघेणं, असं काही जण विचारतात. मार्केट यार्डातला हमाल हळदीचं पोतं पाठीवर घेताच वजन सांगतो. धक्क्यावरच्या क्रेनवाल्याला पेटी हवेत गेल्यावर कळतं, आणि तोवर खाली माणसं उभी असतात.

गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंगवरचं वजन कळवलं, 940. गाडी दारात उभी, म्हणून आम्ही तेच स्टेन्सिलने मारलं. चूक आमचीही. पेटीचं लाकूड, खालचे जाड ओंडके, बोल्ट, आणि झाकण लावता लावता आत सरकवलेली स्पेअरची पिशवी. बंदरावरच्या काट्यावर भरले 1085. कागद बदलून, पेटी पुन्हा रंगवून माल सुटेपर्यंत ते जहाज गेलं होतं.

तेव्हापासून शेवटचा खिळा, मग काटा, मगच रंग. याला कुणी अडवणूक म्हणतं. म्हणोत.

"कंटेनरचं व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन) केलंय की!" ते वेगळं. जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं वजन कळवावं लागतं, पण त्याने आतली पेटी किती जड हे पलीकडे उतरवणाऱ्याला समजत नाही. तसंच दोन पेट्या एका गाडीत घालून काट्याच्या पावतीवरचं वजन भागिले दोन, हेही चालत नाही. करारात अंदाजे वजनाची मुभा आहे, पण नेमकं वजन काढणं खरंच कठीण असेल तेव्हाच. कुपवाडात ही सबब कुणाला पटणार? आणि प्लास्टिकच्या पाकिटातला छापील कागद पहिल्या पावसात जातो, त्याला आम्ही मार्किंग धरत नाही.

तेव्हा स्पेअर, मॅन्युअल, जे काही आत जायचं ते मालाबरोबरच पाठवा, गाडी लावायच्या निदान एक दिवस आधी. क्रेनला टांगायचा काटा आमच्याकडेच आहे. पेटी आमची असेल तर वजन आणि स्टेन्सिलचे वेगळे पैसे नाहीत. बाहेर बनवलेल्या पेटीचंही वजन आणि स्टेन्सिल करून देतो, त्याचे मात्र लागतील.